जाणत्यांचा मूर्खपणा

आषाढ लागला की टेंभुर्णीच्या चौकाचे रूप पालटून जाते. एरवी हा चौक ऊस, केळी आणि बाजारहाट यांच्या धावपळीत बुडालेला असतो. पुण्याहून सोलापूरला जाणारा राजमार्ग येथून जातो आणि करकंबावरून पंढरीला नेणारी वाट येथूनच फुटते. आषाढी जवळ आली म्हणजे मोटारींच्या कर्ण्यांवर टाळांचा नाद मात करू लागतो. गळ्यातील तुळशीच्या माळा, खांद्यावरच्या पताका, डोईवरची गाठोडी आणि चिखलाने माखलेली पावले पाहिली की ज्याने आयुष्यात कधी वारी केली नाही त्याचेही हात आपोआप जोडले जातात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दशमीच्या सांजवेळी याच चौकात मी पंढरपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एस.टी.च्या गाड्या ओसंडून चालल्या होत्या. इतक्यात वडापची एक जीप येऊन थांबली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. टपावर माणसे, मागच्या पायरीवर माणसे. पुढच्या दोन दिव्यांपैकी एक विझलेला आणि वर पावसाची भुरभुर. मी चालकाला म्हटले, "अहो, इतकी माणसे कशी नेणार?" तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "काळजी करू नका माउली, वर इठोबा बसलाय की!" सारी जीप हसली. कोणीतरी पुंडलिकवरदाचा गजर केला. आणि वाचकहो, हे सारे डोळ्यांनी पाहिलेला मी, त्याच जीपमध्ये चढलो.

करकंबाच्या अलीकडे, मागे दिवा नसलेली एक ट्रॉली अंधारात आडवी आली. चालकाने गाडी वळवली आणि ती बाजूच्या चारीत कलंडली. दैव बलवत्तर म्हणून कोणाचा जीव गेला नाही. परंतु मागच्या पायरीवर उभी असलेली एक म्हातारी माउली खडीवर आदळली आणि तिचा हात मनगटात मोडला. दवाखान्याच्या बाकावर तिच्याजवळ बसलो असता ती रडली नाही, चालकाला शिव्याशापही दिले नाहीत. माझ्या हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "बाबा, आमी अडाणी. तुमी शिकलेली माणसं. तुमी तरी नगं म्हनायचं हुतं."

त्या एका वाक्याचे ओझे अजून उतरलेले नाही. त्या रात्री मूर्ख कोण ठरला? चालक? म्हातारी? की सारे समजत असूनही पाय उचलून आत बसलेला मी?

मूर्खपणा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याला आपण मूर्ख म्हणतो, ज्याला हिशेब येत नाही त्याला मूर्ख म्हणतो. परंतु समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला आणि त्याच दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्खाला वेगळे आसन दिले. पढतमूर्ख म्हणजे शिकलेला, बहुश्रुत, दुसऱ्याला उपदेश करणारा आणि स्वतः मात्र तसे न वागणारा. या मूर्खाला अज्ञानाची सबब उरत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा.

गंमत अशी की, हाच विचार ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या गाभ्याशी आहे. आषाढीच्या पवित्र पानावर ख्रिस्ती विचार कशासाठी, असे एखादे भाविक घर विचारील. त्याचे उत्तर मराठी मातीच देते. 1616 साली गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. एका इंग्रज धर्मोपदेशकाला आपल्या धर्माची कथा सांगण्यासाठी मराठी ओवीहून थोर वाहन सापडले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या वियोगाच्या काळातील काही दिवस पंढरपुरातच काढले. 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. आणि पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या 1922 साली निवर्तल्या. तेव्हा हा विचार काही परका पाहुणा नव्हे. आपल्याच ओसरीवर तो केव्हाचा येऊन बसला आहे. शेजाऱ्याच्या दिव्याने आपले अंगण उजळत असेल, तर तो दिवा कोणी लावला हे विचारण्याचे कारण नाही.

बायबलच्या दृष्टीने मूर्खपणा हा बुद्धीचा दोष नसून अंतःकरणाचा दोष आहे. त्या ग्रंथातील 'नीतिसूत्रे' नावाचा भाग मूर्खाची जी लक्षणे सांगतो, त्यांत मंद बुद्धीला फारसे स्थान नाही. ताकीद न ऐकणारा, रागाला लगाम न घालणारा, एकदा पोळूनही पुन्हा तेच करणारा, असा तो मूर्ख आहे. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर, ज्याला कळते पण वळत नाही, तो.

येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस दोन घरांचा दृष्टांत सांगितला आहे. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस पडला, पूर आला, वारा सुटला. खडकावरचे घर राहिले, वाळूवरचे कोसळले. हा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असतो, परंतु त्यातील मर्म सहसा निसटते. ती दोन माणसे म्हणजे एक उपदेश ऐकणारा आणि एक न ऐकणारा, असे नव्हे. दोघांनीही उपदेश ऐकलेला आहे. एकाने ऐकून तसे केले, दुसऱ्याने ऐकले आणि सोडून दिले. पाऊसही दोघांच्या घरांवर सारखाच पडला. शहाण्याला संकटातून सूट मिळत नाही. त्याचा पाया मात्र संकटापूर्वी भरलेला असतो.

पंढरीच्या भक्ताला वाळू म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. चंद्रभागेचे वाळवंट हे तर त्याचे माहेरचे अंगण. परंतु ही चंद्रभागा म्हणजेच भीमा, आणि तिच्यावर टेंभुर्णीच्या जवळ, 1980 साली पूर्ण झालेले उजनीचे धरण उभे आहे. घाटमाथ्यावर आणि पुण्याकडे पाऊस कोसळला, धरण भरले आणि दरवाजे उचलले की पंढरीत ऊन पडलेले असतानाही वाळवंटात पाणी चढते. सूचना दिल्या जातात, भोंगे वाजतात. तरीही पात्रात तंबू ठोकून बसणारे, 'अजून एक बुडी' म्हणून खोल पाण्यात शिरणारे आणि कडेवर लेकरू घेऊन धारेत उतरणारे दिसतातच. त्याच पात्रात भक्त पुंडलिकाचे दगडी मंदिर उभे आहे. पूर त्याला वेढतो आणि ओसरला की मंदिर जागच्या जागी दिसते. ज्या नदीला आपण माता म्हणतो, तिचा स्वभाव ओळखणे हीही मातृभक्तीच नव्हे काय?

दुसरा दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो तर जणू आपल्या भागातल्या बागायतदारासाठीच सांगितला असावा. एका धनवंताच्या शेतात अमाप पीक आले. कोठारे अपुरी पडली. तो म्हणाला, जुनी कोठारे पाडतो, मोठी बांधतो आणि मग निश्चिंत होऊन खातो, पितो, चैन करतो. त्याच रात्री देवाने त्याला मूर्ख अशी हाक मारली, कारण त्याचे आयुष्य त्या रात्रीच संपणार होते. पिकवणे हा त्याचा अपराध नव्हता. आपल्या सुखाचा हिशेब मांडताना त्याला शेजारी आठवला नाही, देव आठवला नाही आणि उद्याचा दिवस आपल्या मुठीत नाही हेही आठवले नाही, हा त्याचा मूर्खपणा.

उजनी हे आपले महाकोठार आहे. सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी साठवणारे. या पाण्याने माळरानाचे सोने झाले, हे कोणी नाकारू नये. ज्यांची गावे त्या पाण्याखाली गेली त्यांचे ऋणही विसरू नये. परंतु 2024 च्या उन्हाळ्यात याच धरणाचे पाणी मृतसाठ्यातही फार खोल उतरले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते काठोकाठ भरून भीमेत विसर्ग सोडावा लागला. एकाच वर्षात दोन्ही टोके! असे असताना धरण भरलेले दिसताच सारी शेती उसाखाली घालायची, विंधनविहिरी एकीपेक्षा एक खोल खणायच्या आणि येणाऱ्या उसाच्या भरवशावर लग्नाचा मांडव कर्जाने सजवायचा, याला काय म्हणावे? त्या धनवंताजवळ निदान आलेले पीक तरी होते. आपण न आलेल्या पिकावर कोठारे बांधतो.

तिसरा दृष्टांत दहा कुमारींचा. वराला सामोरे जाण्यासाठी दहाही जणी दिवे घेऊन निघाल्या. पाच जणींनी जादा तेल बरोबर घेतले, पाच जणींनी घेतले नाही. वराला उशीर झाला. दहाही जणींना डुलकी लागली. मध्यरात्री तो आल्याची हाक ऐकू आली तेव्हा पाच दिवे विझू लागले होते. तेल आणायला धावल्या तोवर दार बंद झाले. पाहा, झोप शहाण्यांनाही लागली होती. मनुष्य थकतो, त्याबद्दल ख्रिस्ताने कोणाला दोष दिलेला नाही. दोष एवढाच की, जे आधी करायचे ते आधी केले नाही. काही गोष्टी ऐन वेळी कोणाकडून उसन्या मिळत नाहीत.

21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव सोसाट्याच्या वाऱ्याने उलटली आणि सहा जीव बुडाले. त्या दुर्दैवी जीवांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते आपल्या रोजच्या कामाला, रोजच्या वाटेने निघालेले लोक होते. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्यांचा. त्या दिवसानंतर जो कोणी आभाळ पाहूनही नाव सोडतो, तरंगणारे जाकीट न देता माणसे भरतो, किंवा कुरकुर न करता तिच्यात जाऊन बसतो, त्याच्याजवळ आता अज्ञानाची सबब उरलेली नाही. जाकीट हे त्या दिव्यातले तेल आहे. वादळ उठल्यावर ते बाजारात आणायला जाता येत नाही.

आता त्या जीपच्या चालकाकडे वळतो. "वर इठोबा बसलाय की!" या उद्गारात श्रद्धा नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु ख्रिस्तचरित्रातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहवत नाही. सैतानाने येशूला मंदिराच्या उंच शिखरावर नेऊन उभे केले आणि सांगितले की, तू देवाचा पुत्र आहेस ना, मग खाली उडी टाक. देवदूत तुला वरच्यावर झेलतील, असे शास्त्रातच लिहिले आहे. मोह साधा नव्हता. तो शास्त्रवचनाचा शालू नेसून आला होता. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे त्याने उत्तर दिले.

भाविक घरांनी या प्रसंगाचे फार मनन करावे असे मला वाटते. नास्तिकाचा मूर्खपणा उघडावाघडा असतो, तो चटकन ओळखू येतो. भाविकाचा मूर्खपणा मात्र कपाळी बुक्का लावून येतो, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. ब्रेक सैल असताना देवाच्या नावाने गाडी हाकणे, मधुमेहाचे औषध सोडून कडकडीत उपवास करणे, तापाने फणफणलेल्या पोराला अंगाऱ्यावर ठेवणे, महाद्वारातील गर्दीत म्हाताऱ्या आईचा हात सोडून पुढे घुसणे, या साऱ्याला आपण भक्ती म्हणतो. वस्तुतः ती शिखरावरून टाकलेली उडी असते आणि देवाने धावत येऊन झेलावे अशी आपली अपेक्षा असते. देवावर भार टाकणे वेगळे आणि आपला हलगर्जीपणा देवाच्या माथी मारणे वेगळे. पहिल्याला श्रद्धा म्हणतात. दुसऱ्याला देवाची परीक्षा पाहणे म्हणतात, आणि त्या परीक्षेची फी बहुधा दुसऱ्यालाच भरावी लागते. त्या रात्री हात मोडला तो चालकाचा नव्हे, माझाही नव्हे. मोडला तो ज्या माउलीने आमच्या शहाणपणावर विसंबून पायरीवर पाऊल ठेवले, तिचा.

मूर्खपणाचा खरा धोका तो हाच. तो करणाऱ्यापाशी थांबत नाही. दारूच्या एका घोटाचे मोल चार घरे देतात. बापाने मोठेपणासाठी काढलेले कर्ज लेकाच्या संसारावर बसते. एकाच्या अविचाराने फुटलेली अफवा गर्दीत शेकडो पावलांना पळायला लावते. पाप हे करणाऱ्याचे, असे आपण म्हणतो. मूर्खपणाला तेवढीही मर्यादा नसते.

येथवर वाचून एखाद्या वाचकाच्या डोळ्यांपुढे शेजारच्या दोन-चार जणांच्या मुद्रा आल्या असतील. 'हे अगदी अमक्याला लागू आहे,' असे मनात आले असेल. तर थोडे थांबावे. ज्या डोंगरावरील प्रवचनाचा शेवट वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाच्या दृष्टांताने होतो, त्याच प्रवचनात येशूने आपल्या भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला अत्यंत कडक शब्दांत ताकीद दिली आहे. वरवर पाहता हा विरोध वाटेल, पण तो नाही. मूर्ख हा शब्द दुसऱ्याच्या अंगावर फेकण्याचा दगड नव्हे, तो आपल्या घरात टांगण्याचा आरसा आहे. समर्थांनी मूर्खलक्षणे सांगितली तीही श्रोत्याने स्वतःत शोधावी आणि टाकावी म्हणून. आणि तुकोबांनी तर पुष्कळदा स्वतःच्याच दोषांची झाडाझडती घेतली. संतांची ही रीत आणि त्या गालीली गुरूची रीत वेगळी नाही.

त्याच गुरूने आणखी एका मूर्खाची कथा सांगितली आहे. बापाच्या हयातीतच वाटणी मागून परमुलखी गेलेला, सारे उधळून डुकरे राखायच्या वेळेला आलेला तो धाकटा मुलगा. कथेचे वळण एका शब्दात आहे. तो भानावर आला. उठला आणि घराकडे निघाला. बापाने त्याला दुरूनच पाहिले आणि धावत जाऊन गळ्याशी धरले. मूर्ख म्हटले नाही, हिशेब मागितला नाही. ख्रिस्ती दृष्टीने मूर्खपणाचा उतारा कोरडी चतुराई नव्हे, भानावर येऊन माघारी फिरणे हा आहे. वारकऱ्याला हे निराळे काय सांगावे? वाटेवरून चळलेले पाऊल पुन्हा पंढरीकडे वळवणे, हेच तर वारीने पिढ्यानपिढ्या शिकवले. आणि तेथे विटेवर जो उभा आहे तोही वाट पाहतच उभा आहे.

म्हणून आज एकादशीचा फराळ करण्यापूर्वी प्रत्येक घराने एकच प्रश्न स्वतःला विचारावा. ठाऊक असूनही आपण टाळत असलेली गोष्ट कोणती? कोणाच्या गाडीचा दिवा बंद असेल, कोणाचे औषध चुकत असेल, कोणाचे भावाशी बोलणे तुटले असेल, कोणी सावकाराचा कागद बायकोपासून लपवला असेल. जे काही असेल ते द्वादशीचे पारणे फिटण्यापूर्वी मार्गी लावावे. एका एकादशीला एक गोष्ट मार्गी लागली तरी पुष्कळ झाले.

आजही मी टेंभुर्णीच्या त्या चौकातून जातो. टपावर माणसे घेतलेली एखादी जीप उभी दिसली की त्या माउलीचा शब्द कानात घुमतो. आता मी पुढे होतो आणि 'नको' म्हणतो. कोणी हसतात, कोणी रागावतात, क्वचित एखादा खाली उतरतो. तो एक उतरला की मला माझी वारी पोहोचल्यासारखे वाटते.